हलला, हलवला नाही

आमच्या सोसायटीत मला 'हातवाले काका' म्हणतात. ज्याला उजवा हात नाही त्याला हातवाले म्हणायचं, हा न्याय शांती नगरच्या पोरांनाच सुचू शकतो. सुरुवातीला मला राग यायचा. आता वाटतं, त्यांचं फारसं चुकलेलं नाही. इतरांचे हात कामापुरते हलतात, म्हणून त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. माझा कोपराच्या वर कापलेला हात बिनकामाचा हलतो, वाट्टेल तेव्हा आणि वाट्टेल त्याच्यासमोर. रिकामी बाही उडते. शाळेतून येणारी मुलं लिफ्टपाशी थांबून बघतात, आणि त्यातलं एखादं धीट पोर मलाच हात हलवून टाटा करतं.

मी मुद्दाम 'हलतो' म्हणतोय. 'हलवतो' नाही. या दोन शब्दांत एका 'व'चा फरक आहे, आणि त्या 'व'पायी आमच्या घरात जे झालं तेच सांगायला बसलोय.

हात कसा गेला ते आधी उरकून टाकतो. ठाण्याला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये माझी नोकरी. घोडबंदर रोडने मी स्कूटरवर जायचो. बायको मागे लागली. "स्कूटर नको. त्या रस्त्याला डंपर कसे चालवतात बघितलंय ना? कंपनीची बस आहे, मग जीव कशाला धोक्यात घालता? बसने जा." तिचं म्हणणं शहाणपणाचं होतं. मी स्कूटर मेहुण्याला देऊन टाकली आणि बसने जायला लागलो. उजवीकडची खिडकी मिळाली की मी खूश. कोपर खिडकीवर टेकवायचं आणि डुलकी काढायची. एका सकाळी घाटातल्या वळणावर समोरून आलेला डंपर बसला घासून गेला. बसमध्ये कुणाला खरचटलंसुद्धा नाही. माझं कोपर तेवढं बाहेर होतं. पुढचं मला दिसलं नाही, आणि ज्यांना दिसलं त्यांना मी कधी विचारलं नाही.

हात वाचवता आला नाही. ऑपरेशननंतर मी जरा माणसात आलो तेव्हा बायको खाटेच्या उजव्या बाजूला वाटीत पेज घेऊन बसली होती. तिने एका हातात वाटी धरली आणि दुसरा हात माझ्या बँडेजवर ठेवला. अगदी हलका, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. आणि तो उरलेला तुकडा ताडकन उडाला. तिचा हात बाजूला फेकला गेला, वाटी उलटली, पेज चादरीवर सांडली.

"काय ओ," वॉर्डातल्या मावशी फडकं आणता आणता म्हणाल्या, "बाईचा हात झटकता? बिचारी सकाळपासून उपाशी बसलीय."

"असू दे," बायको म्हणाली. "दुखत असेल त्यांना."

मला म्हणायचं होतं की मी काही केलं नाही. पण औषधांच्या गुंगीत जीभ जड झाली होती. मावशींचा तो शब्द मात्र खाटेपाशीच राहिला. आपल्याकडे हात झटकणं हे नुसतं हाताचं काम नाही. ज्याला समोरच्याशी देणंघेणं ठेवायचं नसतं तो हात झटकतो. बायको दुसऱ्या दिवशी आली ती खाटेच्या डाव्या बाजूला बसली, आणि मग रोज तिथेच बसत गेली.

घरी आल्यावर तो हात जास्तच चेकाळला. आधी त्वचेखाली बारीक फडफड व्हायची, डोळा लवतो तशी. मग एकदम उसळी. शिंक आली की उसळी, थंड वारा लागला की उसळी, खाली रिक्षाने जोरात हॉर्न दिला की उसळी. हलू नकोस म्हणून मी दात आवळून बसलो की दुप्पट. मन शांत ठेवा, असं सगळे सांगायचे. ज्याचा अर्धा हात स्वतःच्या मर्जीने नाचतोय त्याने मन शांत कसं ठेवायचं, हे सांगायला मात्र कुणी थांबायचं नाही.

भाजीवाल्यासमोर हात उडाला की तो म्हणायचा, "हाँ सेठ, आपको भी देता हूँ, जल्दी क्या है?" मग मी गरज नसताना मेथी घेऊन घरी यायचो. आमची मेथी त्या काळात कधी संपलीच नाही. एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये गच्चीवर मोबाईलचा टॉवर बसवायचा की नाही यावर मत घेत होते. "किसका विरोध है?" चेअरमनने विचारलं, आणि माझी बाही उडाली. चेअरमन म्हणाले, "लिखो, अंकल का विरोध है." सगळे हसले. मीही हसलो. माझा टॉवरला विरोध नव्हता, पण तो माझा हात नव्हता हे भर मीटिंगमध्ये कसं समजावणार? घरी येऊन मी दार आपटलं, तेही डाव्या हाताने, त्यामुळे नीट आपटलं गेलं नाही.

हे सगळं मी सहन केलं असतं. लोक हसतात, दोन दिवसांनी विसरतात. पण घरात जे चाललं होतं ते मला आतून कुरतडत होतं.

बायको त्या हाताला हात लावत नव्हती.

बाकी तिने माझं काय केलं नाही? शर्टाची बटणं लावली, बोंबलाचे काटे काढून दिले, चपातीचे तुकडे करून दिले, डाव्या हाताची नखं कापली. दाढीचा साबणसुद्धा फेस काढून ठेवायची. पण हॉस्पिटलमधून सांगितलं होतं की उरलेल्या हाताला रोज तेल लावा, हळूहळू चोळा, वेगवेगळ्या कापडाने पुसा, घरच्या माणसांनी हात लावा म्हणजे त्याला स्पर्शाची सवय होईल आणि उड्या कमी होतील. ती तेल कोमट करायची, धुतलेल्या पट्टीची नीट गुंडाळी करायची, सगळं माझ्यासमोर मांडायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची. मी पट्टीचं एक टोक दातात धरून डाव्या हाताने झगडत बसायचो. आतून भांड्यांचा आवाज यायचा. एवढी भांडी आमच्याकडे होती हेही मला तेव्हाच कळलं.

लग्न झाल्यापासून ती माझ्या उजव्या बाजूला झोपायची. आता डावीकडे झोपायला लागली. रस्त्यात चालताना उजवीकडून डावीकडे यायची. मी एकदा विचारलं, "या बाजूला काय झालंय?" ती म्हणाली, "धक्का लागला तर दुखेल तुम्हाला." मला ते पटलं नाही. मी मनाशी ठरवून टाकलं की हिला माझी किळस येते. आणि एकदा ते ठरवल्यावर मला रोज त्याचे पुरावे मिळायला लागले. हात गेला तो गेला, पण उजव्या बाजूची बायको गेली हे मला झेपत नव्हतं. तिला तिकडे परत कसं आणायचं, एवढा एकच प्रश्न माझ्यापुढे होता. मी तो विचारत नव्हतो, नुसता चिडचिड करत होतो. भाजीत मीठ कमी आहे, पंखा जोरात आहे, टीव्हीचा आवाज मोठा आहे, काहीही. ती गप्प ऐकून घ्यायची, त्याने मी आणखी भडकायचो.

शेवटी नसांच्या डॉक्टरकडे गेलो. तरुण पोरगा होता. त्याने माझ्याकडे बघून सरळ विचारलं, "अंकल, हिलाते हो के हिलता है?"

इतक्या दिवसांत मला कुणी विचारलेला हा पहिला शहाणा प्रश्न होता. "हिलता है," मी म्हटलं. "मैं नहीं हिलाता." म्हणताना मी डॉक्टरकडे नाही, बायकोकडे बघत होतो.

मग डॉक्टरने तो हात धरला. दाबून बघितला, टोकावर टिचक्या मारल्या, गार चमचा लावला. आणि तो हरामखोर हात शहाण्या बाळासारखा गप्प बसला. एक उसळी नाही, साधी फडफड नाही. घरी बिघडलेला मिक्सर दुकानात नेला की सुरळीत चालतो, तसं झालं. डॉक्टरने समजावलं की कापलेल्या नसांमधून चुकीचे निरोप येत-जात असतात, काहींना असं होतं, पुष्कळदा कमी होतं, कधी राहतं. गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांनी हात निम्मा झोपला आणि मी पूर्ण.

रिक्षात बायको बाहेर बघत बसली होती. जरा वेळाने म्हणाली, "त्यांनी धरला तर नाही हलला."

"मग?"

"मग काही नाही."

मी त्या 'काही नाही'चा अर्थ लावला की मी मुद्दाम करतो असं हिला वाटतंय. 

त्यात सासूबाई आल्या. बायकोचं माहेर मोरव्याचं, भाईंदर पश्चिमेचं. सासूबाईंचा जन्म मासळी निवडण्यात आणि विकण्यात गेला. मनात येईल ते त्या तोंडावर बोलतात, आणि मनात पुष्कळ येतं. सुक्या जवळ्याची पिशवी टेबलावर ठेवून त्या माझ्यासमोर बसल्या. हात उडाला. त्यांनी तो नीट बघून घेतला.

"खालचा हात कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"कापल्याला. पुरला का जाळला? कुनी इचारलं का न्हाय?"

मी म्हटलं, हॉस्पिटलवाले करतात काय ते. सह्या कुणी केल्या ते मला ठाऊक नाही.

"मंग बरोबर हाय. त्याचं कोनी काय केलं न्हाय. ह्यो उरल्याला हात त्याला शोधतोय."

"आय, गप ना गो," बायको म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. सासूबाई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. जावई जिवावरच्या दुखण्यातून उठला तर सत्यनारायण घालीन, असं त्या देवाला बोलल्या होत्या आणि आता देव वाट बघत होता. मी नको म्हणालो. पाहुण्यांसमोर पाटावर बसायचं आणि तिथे हा हात थेरं करणार, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. पण सासूबाई पूजेचं साहित्य सांगूनसुद्धा आल्या होत्या.

गुरुजी मोटरसायकलवरून आले. त्यांच्या त्या दिवशी आणखीही पूजा होत्या, त्यामुळे चौरंग मांडता मांडताच ते मंत्र म्हणत होते. मी सोवळं नेसून बसलो, खांद्यावर उपरणं. उपरण्याखाली उघडा हात. नेहमीप्रमाणे बायकोचा पाट माझ्या उजवीकडे मांडला होता. ती त्यावर बसली, पण मध्ये आणखी एक पाट मावेल एवढी जागा सोडून. समोर सासूबाई, मेहुणा, शेजारच्या गुजराती भाभी आणि त्यांच्या ओळखीच्या दोघीतिघी.

पहिली अडचण डाव्या हाताची निघाली. "डाव्या हातानं देवाचं करनार?" सासूबाईंनी विचारलं. गुरुजी मान वर न करता म्हणाले, "जेवतात कोणत्या हाताने? त्याच हाताने करू दे." तो प्रश्न तिथेच मिटला. मी डाव्या हाताने पळी धरली आणि ताम्हनात पाणी सोडायला लागलो. उजवीकडे अजून सगळं शांत होतं. वाटलं, निभावेल.

"वहिनी, यजमानांच्या उजव्या हाताला हात लावा," गुरुजी म्हणाले.

ते बोलले ते सवयीने. प्रत्येक पूजेत ते हेच सांगतात. नवरा जे करतो त्यात बायकोचा वाटा पडावा म्हणून ती त्याच्या हाताला हात लावते. आमच्या लग्नात लावला होता, या घराच्या वास्तुशांतीला लावला होता. पण बोलून गेल्यावर त्यांच्याच लक्षात आलं आणि ते गडबडले. "म्हणजे... राहू दे. पाटाला लावा. पाटाला लावला तरी पोचतो."

"पाटाला काय म्हनून?" सासूबाई म्हणाल्या. "नवरा हाय ना समोर बसल्याला!"

भाभींनी खाली बघितलं. मी समोरच्या चौरंगावर नजर लावून बसलो. उजवीकडून बांगड्यांचा आवाज आला. बायको पुढे सरकली होती. उपरण्याखाली तिची बोटं आली आणि हाताच्या टोकाला लागली. हॉस्पिटलनंतर पहिल्यांदा. बोटं गार होती.

हात उडाला. असा उडाला की उपरणं खांद्यावरून घसरलं, तिच्या बांगड्या ताम्हनावर आपटल्या आणि अक्षतांची वाटी उपडी झाली. तांदूळ सगळीकडे. तिने हात मागे घेतला आणि पदरात गुंडाळून घेतला.

माझा तोल सुटला. इतक्या दिवसांचं साचलेलं सगळं बाहेर आलं. "मी झटकला नाही!" मी ओरडलो. देवासमोर, सगळ्यांसमोर. "किती वेळा सांगू? हलला तो. मी हलवला नाही. तुला खोटं वाटत असेल तर वाटू दे!"

गुरुजींचा मंत्र अर्ध्यात थांबला. मेहुणा उठून उगाचच पंखा कमी करायला गेला.

"मला माहितीये," बायको म्हणाली. ती ओरडली नाही. पदरातला हात तिने दुसऱ्या हाताने घट्ट धरला होता. "तुम्ही नाही झटकत. तुम्ही कशाला झटकाल? तोच झटकतो. फक्त मला."

"तुलाच का म्हणून?"

"डॉक्टरला झटकला का? नाही ना? मलाच झटकतो." तिने पदर आणखी आवळला. "बसने जा, असं कोण म्हणालं होतं?"

मला आधी कळलंच नाही ती काय बोलतेय. कळलं तेव्हा मी हातातली पळी ताम्हनात ठेवून दिली. ही बाई इतके दिवस स्वयंपाकघरात घासलेली भांडी पुन्हा घासत होती, ती यापायी. माझ्या उरलेल्या हाताला सगळं ठाऊक आहे, आणि तो आपल्याला माफ करत नाही, असं धरून ती डाव्या बाजूला राहत होती. आणि मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसून भलताच हिशोब मांडत होतो.

"मला वाटलं, तुला किळस येते," मी म्हटलं.

"किळस?" तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. डोळे भरलेले होते, पण आवाजात राग होता. "अहो, मी कोळंबी सोलत मोठी झाले. मला कसली किळस येणार?"

पूजेत कोळंबीचं नाव निघालं म्हणून गुरुजी खाकरले. सासूबाई डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. लेकीच्या मनातलं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"त्याला काही कळत नाही गं," मी म्हटलं. आता माझाही आवाज खाली आला होता. "खालचा हात गेलाय, हेसुद्धा त्याला अजून कळलेलं नाही. त्याला बसचं काय कळणार?"

 भाभींनी पुढे होऊन अक्षता गोळा केल्या आणि वाटी भरून ठेवली. गुरुजींनी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "संकल्प पुन्हा पहिल्यापासून घेऊ. वहिनी, हाताला हात लावा." या वेळी ते सवयीने बोलले नाहीत.

बायकोने पाट सरकवून माझ्या पाटाला लावला. पदरातून हात काढला आणि माझ्या हातावर ठेवला. टोकावर नाही, चांगला दंडावर, पूर्ण पंजा. हात लगेच उडाला. तिचाही हात त्याच्याबरोबर वर गेला आणि त्याच्याबरोबर खाली आला. तिने काढला नाही. तो पुन्हा उडाला. तिच्या बांगड्या वाजल्या. समोर कुणी हसलं नाही, बघायचं टाळलंही नाही. गुरुजी संकल्प म्हणत राहिले, मी डाव्या हाताने पाणी सोडत राहिलो, आणि उजवीकडे तो आपला उसळत राहिला.

तो काही त्या दिवसापासून बरा झाला नाही. आजही उडतो. परवाच मी पुन्हा नको असलेली मेथी घेऊन आलो.

पण त्या दिवशी कथा सुरू झाली तेव्हा थोडा वेळ तो शांत होता. सगळे हात जोडून ऐकत होते. मला हात जोडता येत नव्हते, म्हणून बायकोनेही जोडले नव्हते. तिचा पंजा अजून तिथेच होता आणि आता गार नव्हता. मी श्वास रोखून खांद्यापासून जोर लावला. एवढ्या महिन्यांत मी त्या हाताला 'थांब' सोडून काही सांगितलंच नव्हतं. तो जड झाला होता, ऐकायला वेळ लागला. मग हळूच, जेमतेम बोटभर, तो तिच्या बाजूला सरकला आणि तिच्या तळव्यावर रेलला.

तिने मान वळवली नाही. "आता हलला?" ओठांतल्या ओठांत विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "हलवला."